सहा पॉइंट दोनची शाबासकी

संपादकांनी मागितला होता 'ज्येष्ठ मधुमेहींचा फराळ'. भाजक्या पोह्यांचा चिवडा मूठभर, करंजी एखादी, आणि गुळाची असली तरी ती साखरच. झाला फराळ. उरलेली जागा मी माझ्या कामासाठी वापरते. मी मधुमेह-शिक्षिका आहे. डॉक्टर औषध लिहून देतात, ते घरी कसं सांभाळायचं हे मी शिकवते. लोकांच्या लेखी मी 'डाएट चार्टवाल्या मॅडम'.

शिकायला येतं कोण? पंचाहत्तरीच्या वडिलांऐवजी मुलगा येतो, तक्त्याचा फोटो काढतो आणि निघतो. आजोबांना मधुमेह असला की आजी वही घेऊन हजर; स्वतः आजींना असला की कुणीच नाही. 'या वयात आता काय शिकायचं?' पैशांची अडचण म्हणावी, तर अमेरिकेत मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना पहिल्या वर्षी अशा १० तासांच्या शिक्षणाचा बहुतांश खर्च उचलते. तरी तिथे नव्याने निदान झालेल्यांपैकी शंभरात पाचेक जणच ते घेतात, असं एका पाहणीत दिसलं होतं.

यंदा एक निवृत्त मुख्याध्यापक डोक्यातून जात नाहीत. वय ७८, एचबीएवनसी ६.२. हास्यक्लबात त्यांचा सत्कार व्हायचाच काय तो बाकी होता. रात्री साखर उतरवणारी ग्लिबेनक्लामाइडची गोळी आणि वर फक्त कपभर दूध. पहाटे न्हाणीघरात पडले, खुबा मोडला. घरचे म्हणतात, "साखर तर इतकी छान होती!"

ते ६.२ म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी. जेवणानंतरची २२० आणि पहाटेची ५० तिच्यात गुपचूप मिसळून जातात. वयाबरोबर मूत्रपिंडं मंदावतात, ही गोळी अंगात रेंगाळते, आणि पोटात असतं दूध; मग पहाटे साखर कोसळते. आकडा खाली आणण्याचा हट्ट तपासूनही झालाय : अमेरिका-कॅनडातल्या 'अकॉर्ड' चाचणीत दहा हजारांवर लोक होते. त्यातल्या निम्म्यांची एचबीएवनसी ६च्या खाली आणायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून २००८ साली तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. ते मृत्यू साखर उतरल्यानेच झाले असं सिद्ध झालेलं नाही, हे माझे एक डॉक्टर सहकारी मला दर वेळी ऐकवतात. मान्य. पण बरेच आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ८च्या आत पुरे, असं आता अमेरिकी मधुमेह संघटनाही सांगते. हे आपल्याकडे पटवायला गेलं, की मीच रुग्ण बिघडवते असा आरोप.

त्यात म्हातारपणी साखर उतरल्याची खूण म्हणजे घाम-थरथर असेलच असं नाही. माणूस नुसता चिडतो, गोंधळतो, मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारतो. घरच्यांचं निदान तयार असतं : वय झालं. अशा वेळी बोट टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७०च्या खाली असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. गुंगीत असेल तर तोंडात काहीच घालू नका, दवाखाना गाठा.

इन्सुलिनचं तर विचारूच नका. आपल्याकडे मिलिलिटरमागे ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटला नारिंगी. १००चं औषध लाल सिरिंजमध्ये ४०च्या खुणांनी भरलं तर डोस अडीचपट! मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना त्या बारीक रेघा दिसतात का, हे मला मुलाकडून कसं कळणार? ते बघायला आजोबांचाच हात आणि आजोबांचाच चष्मा लागतो. "त्यांना कशाला त्रास?" घरचे म्हणतात. दवाखान्याच्या बिलात हा तासभर 'आहारसल्ला' म्हणून लागतो, त्यामुळे दोष फक्त त्यांना तरी कसा देऊ? मी फोनवर बजावून सांगते, रुग्णाला आणा, त्यांचा चष्मा आणा, घरातली सिरिंज आणि बाटली आणा. मंडळी जाडजूड फाइल आणतात आणि विचारतात, "मॅडम, साबुदाणा चालेल का?"