गाडी डावीकडेच का ओढते?

गाडी सरळ चालावी, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे. पण स्टिअरिंगवरचा हात जरा सैल झाला की गाडी आपली एका बाजूला निघाली, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्यावर आपल्याकडे दोनच उपाय ठरलेले असतात. एक म्हणजे अलाइनमेंट करून घेणं आणि दुसरा म्हणजे स्टिअरिंग थोडं उलट्या बाजूला धरून तशीच चालवत राहणं. दुसरा उपाय फुकटचा, म्हणून जास्त लोकप्रिय! आठ दिवसांत हाताला त्याची सवय होते आणि गाडीत काही बिघाड आहे, हेच आपण विसरून जातो.

माझ्या धाकट्या भावाला मात्र घरात कुणी विसरू देत नव्हतं. कॉलेजात असल्यापासून त्याला स्पोर्ट्स कारचं वेड. नोकरीला दहा वर्षं झाल्यावर त्याने एक जुनी, लाल, दोन आसनी गाडी घेतली. बसकी, रुंद टायरांची, दिसायला देखणी. एवढ्या पैशांत घराचे किती हप्ते फिटले असते, याचा हिशेब वडिलांनी मनात मांडला असणारच. पण ते गप्प राहिले. गाडी डावीकडे ओढते हे कळलं, तेव्हा मात्र त्यांनी निकाल दिला, ‘‘ठोकलेली गाडी गळ्यात मारली तुझ्या!’’

भाऊ नोकरीला मुंबईत, घर नाशिकला. दर सोमवारी पहाटे तो कसारा घाट उतरून कामावर जायचा. पोहोचल्याचा फोन येईपर्यंत आईला चहा गोड लागत नसे. भावजयीने तर त्या गाडीत बसणंच सोडलं होतं.

दोन ठिकाणी अलाइनमेंट झाली. दुसऱ्या ठिकाणी आकड्यांचा छापील कागदही मिळाला. सगळं बरोबर! तरी गाडी डावीकडेच. मग पुढचे सस्पेन्शनचे भाग बदलायचा सल्ला आणि त्याचं भलंमोठं एस्टिमेट हाती पडलं. भाऊ मिळेल त्या किमतीला गाडी विकायला निघाला.

अशा वेळी तात्या आले. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि प्रश्न विचारू लागले.

पहिला प्रश्न रस्त्याचा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, तेव्हा गाडी किंचित डावीकडे सरकली तर तो दोष गाडीचा नसतो. स्पोर्ट्स कारचे रुंद टायर आणि चपळ स्टिअरिंग यांना तर रस्त्यावरच्या चाकोऱ्याही जाणवतात. म्हणून परीक्षा घ्यायची ती सपाट, मोकळ्या रस्त्यावर.

दुसरा प्रश्न हवेचा. पुढच्या ज्या चाकात हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. हवा तपासायची ती टायर थंड असताना.

तिसरा प्रश्न टायरचा. टायरच्या आतल्या घडणीतच थोडा फरक असला, तरी गाडी ओढते. पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून पाहावीत. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर अशी अदलाबदल करता येत नाही. आधी टायर रिममधून काढून उलटा बसवावा लागतो.

भावाने हे तिन्ही करून पाहिलेलं होतं. मग तात्यांनी खरा प्रश्न विचारला, ‘‘ओढते ती कधी?’’

या ‘कधी’तच निम्मं उत्तर असतं. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर एका बाजूचा ब्रेक कमी लागतोय. गाडी ज्या बाजूला ओढते, त्याच्या विरुद्ध बाजूचा. फक्त ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर ओढत असेल आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर तो पुष्कळदा तिच्या रचनेचाच भाग असतो. सारखीच, पहिल्या क्षणापासून ओढत असेल, तर चाकांचे कोन तपासायचे. त्यातही चाकाच्या उभ्या कलातला, म्हणजे कॅम्बरमधला, आणि कॅस्टरमधला डावा-उजवा फरक गाडीला ओढतो. टो बिघडला, तर बहुधा टायर झिजतात आणि स्टिअरिंग वाकडं बसतं.

भाऊ म्हणाला, ‘‘निघताना काहीच नसतं, तात्या. दहा-पंधरा किलोमीटर झाले की सुरू होतं, मग वाढत जातं.’’

‘‘मग अलाइनमेंटच्या मागे का लागलास? चाक वाकडं असेल, तर ते घरापासूनच वाकडं असेल ना!’’

दोघं गाडी घेऊन गेले. पंधरा किलोमीटर फिरून, शेवटी फारसा ब्रेक न लावता गाडी थांबवली. तात्यांनी प्रत्येक चाकाजवळ तळहात नेला. जवळ फक्त, कारण तापलेली रिम किंवा डिस्क हात भाजते. पुढचं उजवं चाक कोमट, डाव्यातून धग येत होती. ब्रेकवरून पाय काढल्यावरही त्या चाकाचा ब्रेक सुटत नव्हता.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली. डावं चाक हाताने फिरेना. मेकॅनिकने कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल सैल केला, जरासं तेल उडालं आणि चाक फिरू लागलं. म्हणजे कॅलिपर जाम नव्हता, तेलाचा दाब अडकून राहिला होता. दोष होता रबरी होज पाइपचा. बाहेरून धडधाकट, पण आतून फुगून अरुंद झालेला. ब्रेक दाबला की जोराने तेल पुढे जायचं, पाय काढल्यावर मात्र परत येऊ शकत नव्हतं. उभ्या गाडीचे कोन मोजणाऱ्या यंत्राला हे दिसणार कसं?

दोन्ही बाजूंचे होज पाइप आणि पुढचे सगळे पॅड बदलले, कारण ब्रेकचं काम एका बाजूपुरतं करायचं नसतं. डावा पॅड पत्र्यापर्यंत आला होता. ब्रेक ऑइलही नवं भरलं. हा खर्च त्या मोठ्या एस्टिमेटच्या जवळपासही नव्हता.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट तात्यांनी नंतर सांगितली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या ‘डॉट ३’ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला, तरी प्रमाणात बसतो. धरून राहिलेला ब्रेक आधीच तापलेला, त्यात लांब उतार. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. भाऊ दर सोमवारी असाच घाट उतरत होता.

वडिलांनी अलाइनमेंटचा तो कागद पुन्हा मागून घेतला. डाव्या-उजव्या बाजूंचे आकडे जुळत होते. गाडी ठोकून वाकलेली असती, तर ते असे सहसा जुळले नसते, हे तात्यांनी समजावलं. ‘‘सोमवारी किती वाजता निघणार?’’ एवढंच वडिलांनी भावाला विचारलं.

तुमचीही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ‘अलाइनमेंट करून द्या’ म्हणत गॅरेजमध्ये शिरू नका. कधी ओढते, कोणत्या रस्त्यावर, ब्रेक दाबल्यावर की न दाबता, निघताना की तापल्यावर, हे आधी कागदावर लिहा आणि तो कागद मेकॅनिकच्या हाती द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. एखादं चाक इतरांहून फार तापत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र थांबा. तशा गाडीने घाट उतरू नका.