गोंगाटातल्या फटी

संध्याकाळची बोरिवली लोकल, लेडीज डबा. क्लिपा विकणारीची हाक, कुणाचं तरी फोनवरचं भांडण, खिडकीशी चाललेला भिशीचा हिशोब. आणि तरीही दोन सीट पलीकडे कुणी हळूच ‘मी अंधेरी’ म्हटलं की आपले कान टवकारतात. कसं काय बुवा?

सिंपल आहे. असा गोंगाट सलग नसतो, सतत वरखाली होतो. तो क्षणभर खाली आला की त्या फटीतून कान हवा तो आवाज टिपून घेतो. गाळलेल्या जागा मेंदू भरतो. तेवढ्याच मोठ्या एकसुरी घरघरीत ही सोय नसते.

त्याहून भारी गोष्ट १९८४ची. हॉल, हॅगार्ड आणि फर्नांडिस या संशोधकांनी लोकांना गोंगाटात दडलेला एक सूर ओळखायला लावला. मग गोंगाट वाढवला; वेगळ्या पट्टीतला, पण त्याच तालात वरखाली होणारा. सूर चक्क आणखी सहज ऐकू आला! सगळा गोंगाट एकत्र खाली उतरला की सूर उघडा पडतो. याला म्हणतात कोमॉड्युलेशन मास्किंग रिलीज.

हे सगळं मी शोधून वाचलं ते बाबांमुळे. घरी शांततेत त्यांचं छान चालतं. पण चुलतबहिणीच्या लग्नात ते प्रत्येक जोकवर हसत होते, अर्धा सेकंद उशिरा. इतरांचे चेहरे बघून. मामा म्हणाला, ‘भाऊजी, हल्ली फार शांत झालात!’ आईचं ठरलेलं, ‘त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं.’

तसं नसतं हो. अंतर्कर्ण कमजोर झाला की फटींतले बारीक आवाज निसटतात. त्यात बोलणारे वाढले की फटी आणखीनच बुजतात. आता बाबा मशीन लावतात. त्याने आवाज मोठा होतो, पण फटी पूर्ण परत मिळत नाहीत.

आणि आपण? ट्रेनच्या आवाजावर मात म्हणून हेडफोन फुल्ल! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्यांसाठी मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात.

आमच्या घरी आता नियम आहे: टीव्ही म्यूट, बाबांच्या समोर बसायचं, एका वेळी एकानेच बोलायचं. गेल्या रविवारी मामाचा जोक मध्येच तोडून बाबांनी स्वतःचा सांगितला. भयंकर होता. पण हसले ते सगळ्यांच्या आधी.