पूर्वस्थिती आणि मूळस्थिती

‘पुन्हा होते तसे करा’ असे आपण सहज म्हणतो. परंतु ‘होते तसे’ म्हणजे नेमके केव्हा होते तसे, हे बोलणाऱ्याने बहुधा ठरवलेले नसते. घरातल्या मांडणीपुरती ही मोघम बोली चालून जाते. संख्याशास्त्रीय आलेखांच्या संगणकीय आज्ञावलीत मात्र तिचे दोन स्वतंत्र अर्थ होतात, आणि त्यांतला कोणता अभिप्रेत आहे हे सांगावेच लागते.

‘आर’ ही भाषा ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवली, तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ पासून विकसित केलेल्या ‘एस’ भाषेची ती वारसदार. तिच्यात आलेखाचे बाह्य रूप ‘पार’ नावाच्या आज्ञेने ठरते. हे ‘पॅरामीटर’चे लघुरूप, तथापि मराठी कानाला गावातला पिंपळाचा पार आठवला तर ते अगदीच गैर नाही. आधी येऊन गेलेल्याचे विसरलेले सामान पुढच्याला तेथे तसेच सापडते. समास, अक्षरांचा आकार, रेषेची जाडी, एका पानावर किती चित्रे, अशी ७२ मूल्ये या पारावर मांडलेली असतात. आणि एकदा बदललेले मूल्य आलेखाची ती खिडकी मिटेपर्यंत पुढच्या प्रत्येक चित्राला लागू राहते.

यातून काय घडू शकते, ते ज्ञानेश्वरीतील चरणांची अक्षरे मोजणाऱ्या एका अभ्यासक बाईंच्या कामात दिसले. ओवीला अक्षरसंख्येचा कडक नियम नाही; पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, आणि चौथा आखूड. बाईंचे सारे कुतूहल त्या आखूड चरणापाशी एकवटले होते. सकाळी त्यांनी उभ्या रेषांचा एक आलेख काढला. रेषा थेट आडव्या आसावर टेकाव्यात म्हणून, आसाच्या दोन्ही टोकांना एरवी सोडली जाणारी ४ टक्के मोकळी जागा त्यांनी काढून टाकली. दुपारी त्याच खिडकीत ठिपक्यांचा आलेख आला: आडव्या आसावर ओवीचा क्रमांक, उभ्यावर चौथ्या चरणाची अक्षरे. सकाळची आज्ञा अजून जिवंत होती. सर्वांत आखूड चरणांचे ठिपके बरोबर तळरेषेवर पडले, चौकटीबाहेर काही काढायचे नाही या नियमाने अर्धे कापले गेले, आणि उरलेले अर्धे चौकटीच्या रेषेत मिसळले. आकडे सारे खरे होते. पाहणाऱ्याला मात्र वाटावे की कवी त्या आखूडपणापर्यंत कधी उतरलाच नाही. तळरेषा काही ठिकाणी जाड का दिसते, या शंकेने बाई पुन्हा आकड्यांकडे वळल्या, म्हणून ते ध्यानात आले.

उपाय सोपा होता: खिडकी मिटावी, नवी उघडावी, की सर्व मूल्ये मूळपदावर येतात. पण त्याबरोबर देवनागरी शीर्षकांसाठी बाईंनी विचारपूर्वक वाढवलेला डावा समासही गेला असता आणि पुन्हा ठरावीक ४.१ ओळींचा झाला असता. त्यांना आलेखाची मूळस्थिती नको होती; सकाळच्या बदलाआधीची पूर्वस्थिती हवी होती. तिची सोय ‘पार’मध्येच आहे. बदल करतानाच ही आज्ञा जुनी मूल्ये परत देते, पण न बोलता. घेणाऱ्याने त्यांना नाव देऊन ठेवले नाही, तर ती गेली. सर्वच मूल्ये जपायची तर सहा वगळावी लागतात, कारण ती केवळ वाचण्यापुरती आहेत. खिडकीची लांबीरुंदी, अक्षराचे माप अशा गोष्टी वापरणाऱ्याच्या हातच्या नव्हेत. ‘क्रॅन’ या भांडाराचे परीक्षक तर आज्ञावलीच्या लेखकाकडून अशी अपेक्षा करतात की, दुसऱ्याची मूल्ये बदललीच तर ती परत ठेवण्याची तजवीज आरंभीच करावी, म्हणजे काम मध्येच चुकून थांबले तरी ती जागेवर येतील. विद्वानांच्या व्यवहारात इतकी लेखी सभ्यता क्वचितच आढळते!

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा भेद परका वाटू नये. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ चालले. आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत वि. सी. सुखटणकरांनी स्पष्ट केले होते की, सिद्ध केलेली संहिता म्हणजे उपलब्ध हस्तलिखितांवरून गाठता येणारे सर्वांत जुने रूप. आद्य काव्य नव्हे.

शिवाय मूळस्थिती तरी कोठे अचल असते? ‘आर’च्या आठ रंगांच्या पेटीत पूर्वी भडक लाल आणि पांढऱ्या कागदावर जवळजवळ न दिसणारा पिवळा होता. एप्रिल २०२० च्या ४.०.० या आवृत्तीत रंगांचा क्रम तोच राहिला, छटा मात्र सौम्य आणि एकमेकींपासून अधिक वेगळ्या ओळखू येणाऱ्या झाल्या. त्यामुळे ‘मूळ रंग द्या’ ही एकच आज्ञा २०१९ च्या आणि २०२१ च्या आवृत्तीत दोन वेगळी चित्रे रंगवते. जुनी पेटी फेकून दिलेली नाही. ‘आर३’ या नावाने मागितली तर ती मिळते. नुसते ‘मूळ’ म्हटले, तर नवीच पुढे येते.