कपाटातील आठवणी बैठकीत

व्यापारी घरात जुन्या चोपड्या जपण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चित्रफितींच्या वाट्याला ती आली नाही. लग्नाच्या, दुकानाच्या उद्घाटनाच्या, आजोबांच्या एकसष्टीच्या व्हीएचएस कॅसेट फळीवर बुरशी धरत पडून राहतात. घरातला एखादा नातू त्या स्टुडिओत नेऊन डीव्हीडीवर उतरवून आणतो, पुढे हार्ड डिस्कवर साठवतो, आणि ती डिस्कही त्याच कपाटात जाऊन बसते.

ती बाहेर काढण्याची सोय बहुधा घरातच असते. पुष्कळ वाय-फाय राउटरच्या पाठीशी यूएसबीची जागा असते. डिस्क तेथे जोडून राउटरमधील मीडिया सर्व्हर सुरू केला, की टीव्हीच्या पडद्यावर तिच्यातील फाइलींची यादी उमटते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी असे बोलावे म्हणून २००४ पासून डीएलएनए या नावाने नियम ठरत गेले. सारा व्यवहार घरातल्या घरात होतो; इंटरनेटची लाइन बंद असली तरी चित्र दिसते.

अडचणी मात्र असतात. डिस्क फॅट३२ पद्धतीची असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल ती घेत नाही. तीन तासांचे लग्न एका फाइलीत तेथेच अडते. पद्धत बदलायची तर डिस्क कोरी होते, म्हणून आधी सारे दुसरीकडे उतरवून घ्यावे. राउटर नवी पद्धत वाचतो की नाही, हेही आधीच पाहावे. डीव्हीडीवरील चित्राचा ओघ सेकंदाला सुमारे १० मेगाबिटच्या आत असल्याने साधे वाय-फायही तो पेलते. (राउटर लोखंडी कपाटाआड ठेवणाऱ्यांना मात्र त्या कपाटाचा महिमा लवकर कळतो.)

खरी काळजी वेगळीच आहे. राउटरला जोडलेली डिस्क दिवसरात्र चालू राहते, तापते, आणि वीज गेली की अर्ध्या कामात थांबते. सारी रक्कम एकाच आसामीकडे गुंतवू नये, हे ज्यांना कोणी शिकवावे लागत नाही, त्यांच्याच घरी आजोबांचा आवाज एका डिस्कच्या भरवशावर असतो. ती बिघडली तर तो आवाज पुन्हा कोठून आणणार? दुसरी प्रत दुकानाच्या तिजोरीत किंवा परगावच्या भावाकडे असावी. राउटरवरील डिस्क पाहण्यापुरतीच खुली ठेवावी, म्हणजे मुलांच्या हातून काही पुसले जाणार नाही.

एवढे करूनही टीव्हीवरच्या यादीत दिसतात ती ‘व्हीटीएस ०१’, ‘व्हीटीएस ०२’ अशी मुकी नावे. कोणत्या फाइलीत कोणाची वरात, हे यंत्राला ठाऊक नसते. ते आजीला ठाऊक असते. पडद्यावर मांडव दिसताच ती खुर्ची पुढे ओढते आणि बोलू लागते: ही थोरली नणंद, हे कोल्हापूरचे आडते, हा फेटेवाला तर दर लग्नाला असायचाच. पडद्यावरच्या माणसांना नावाने ओळखणारे घरात आता एकदोघेच उरलेले असतात. अशा वेळी नातवाजवळ वही असावी. तिने सांगितलेले नाव, गाव आणि साल तेव्हाच टिपून घ्यावे. फाइलींची नावे दुसऱ्या दिवशी संगणकावर सावकाश बदलता येतात.