दारावरची थाप

कॅम्पात राहणाऱ्या माणसाला पहाऱ्याचे नवल वाटत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र शेजारी, पहाटेचा बिगुल, फाटकाफाटकावर उभे जवान. ‘कोण आहे?’ हा प्रश्न आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे की, रात्री उशिरा परतताना तो कोणी विचारला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे होते. परंतु आमच्याच शाळेच्या कचेरीत, टेबलाखाली गुणगुणत बसलेल्या एका काळ्या पेटीच्या दारावर रोज रात्री दोन-अडीच हजार थापा पडतात, आणि ‘कोण आहे?’ म्हणून विचारायला तेथे कोणी नसते, हे आम्हांला गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते.

ती पेटी म्हणजे सर्व्हर. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो बसविला. जुन्या प्रश्नपत्रिका, शिक्षकांनी स्वतःच्या आवाजात वाचून ठेवलेल्या गोष्टी, असे काहीबाही मुलांना घरबसल्या मोबाइलवर मिळावे एवढाच हेतू. ज्याने तो बसविला तो आमचा जुना विद्यार्थी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. एका रविवारी त्याने पडद्यावर ओळींमागून ओळी उलगडल्या आणि म्हणाला, “सर, हे बघा, काल रात्रीचं हजेरीपत्रक.”

हजेरीपत्रक वाचण्यात आमची हयात गेली आहे. पण असले कधी पाहिले नव्हते. प्रत्येक ओळीत वेळ, कोणी कोणत्या नावाने आत येऊ पाहिले ते नाव, आणि शेवटी त्याचा पत्ता. नावे तीच ती: रूट, ॲडमिन, टेस्ट, गेस्ट. एकदा एक पासवर्ड, दोन सेकंदांनी दुसरा, मग तिसरा. आमच्या शाळेशी कोणाचे वैर आहे काय, असे आम्ही विचारले तेव्हा तो हसला. वैर नाही की ओळख नाही. गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून पाहत जाणाऱ्या चोराप्रमाणे, माणसांनी सोडून दिलेली ही यंत्रे जगातल्या एकूण एक पत्त्यावर थापा मारीत फिरतात. आमच्या प्रश्नपत्रिका त्यांना नकोच असतात. हवी असते ती पेटी. म्हणजे उद्या तिच्या आडून दुसऱ्याच्या दारावर थापा मारता येतात.

हे सारे पोरखेळासारखे वाटेल, म्हणून एक जवळचे उदाहरण सांगतो. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी अवघ्या दोन-अडीच तासांत २८ देशांतून पैसे काढले, आणि दोनच दिवसांनी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात पाठविले. एकूण ९४ कोटींवर रक्कम गेली. त्यातले काही पैसे तर येथून जेमतेम तीन तासांच्या वाटेवरील कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. बनावट कार्डे घेऊन यंत्रापुढे उभी राहणारी माणसे सापडली. यंत्रणेत शिरलेला हात मात्र दूर राहिला.

आमच्या विद्यार्थ्याने सर्व्हरला चांगली कडी बसविली. पाच चुका झाल्या की त्या पत्त्याला दार बंद. वास्तविक एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मास्तरकी अंगात मुरलेल्या माणसाला व्रात्य मुलाला नुसते वर्गाबाहेर काढून चैन पडत नाही, त्याच्या घरी चिठ्ठी धाडावी लागते. तशी सोय येथेही आहे. आयपी पत्ता म्हणजे शून्य ते २५५ पर्यंतच्या चार आकड्यांची माळ. तो कोणत्या कंपनीच्या वाट्याचा आहे हे कोणालाही पाहता येते. आशिया खंडाची ही दप्तरे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरी ‘एपनिक’ नावाची संस्था ठेवते. त्या नोंदीत तक्रारीसाठी ई-मेल दिलेला असतो. शिवाय दिल्लीत ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४ पासून हेच काम पाहते.

आमच्या उत्साहात तेल ओतले ते क्लिफर्ड स्टोल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाच्या हकिकतीने. १९८६ साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. पाऊण डॉलर! दुसरा कोणी असता तर पदरचे भरून मोकळा झाला असता. या गृहस्थाने त्या ७५ सेंटांचा माग महिनोन्महिने काढला आणि अखेर लष्करी संगणकांत डोकावणारा चोर सापडला. हा पाहुणा एकामागून एक परक्या संगणकांच्या आडून येत होता. प्रत्यक्षात बसला होता तो जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी. आडून येण्याचा हा भाग आम्ही वाचला, पण तेव्हा मनावर घेतला नाही.

आम्ही पत्रे धाडू लागलो. एम. ए.ला भाषा शिकलो ती अशा वेळी कामी न आली तर कधी यावी? ‘सदर इसम चोर असून त्याची जोडणी तत्काळ तोडावी,’ असा आमचा खाक्या. बहुतेक पत्रांना उत्तर आले नाही. काहींना यंत्राने पोच दिली. त्यात एक पत्ता आमच्याच भागात सेवा देणाऱ्या एका कंपनीचा निघाला. त्या पत्राचा परिणाम मात्र चार दिवसांत झाला.

पाचव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, एक वृद्ध गृहस्थ कचेरीच्या दाराशी येऊन ताठ उभे राहिले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा. निवृत्त सुभेदार. कॅम्पातच, मिलिटरी महादेवाच्या बाजूला राहणारे. बसा म्हटले तरी बसले नाहीत. म्हणाले, “सर, आम्ही तुमचं काय वाईट केलंय हो?”

कंपनीची पोरे त्यांच्या दारात जाऊन, शेजारीपाजारी ऐकत असता, ‘तुमच्या घरातून शाळेवर हल्ला होतोय, शाळेची तक्रार आहे, पोलीस येतील’ असे सांगून तार काढून घेऊन गेली होती. २८ वर्षे दुसऱ्यांची दारे राखलेला माणूस. “मुलगा पलटणीत आहे, सर. त्याच्या साहेबांच्या कानावर हे गेलं तर?” एवढे बोलून ते गप्प राहिले. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

संध्याकाळी विद्यार्थ्याला बोलावून घेतले. त्याने आमचे पत्र वाचले आणि कपाळाला हात लावला. “सर, वेळ कुठली लिहिलीय? सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं.” आम्ही लिहिले होते रात्री ९ वाजून १० मिनिटे. ती आपल्याकडची पहाटेची २ वाजून ४० मिनिटे! साडेपाच तासांचा फरक. भूगोलाच्या तासाला हा फरक आम्ही शेकडो मुलांना फळ्यावर शिकविला आहे.

आता, साडेपाच तासांनी एवढे काय बिघडावे? बिघडते ते असे. या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत. माणसे त्याहून कितीतरी अधिक. आशियाच्या वाट्याचे पत्ते तर एप्रिल २०११ मध्येच जवळजवळ संपले. म्हणून कंपन्या एकच पत्ता आज एका घराला, उद्या दुसऱ्याला देतात. कधी कधी एकाच वेळी अनेक घरांना वाटून देतात. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की नवा पत्ता. आमच्या वडिलांच्या पत्रांवर आधी मुंबई राज्य, १९५६ नंतर म्हैसूर आणि १९७३ नंतर कर्नाटक लिहून येई. २०१४ पासून गावाचे नावही सरकारी कागदावर बेळगावी झाले. घर तेच राहिले, पत्ता बदलत गेला. येथे पत्ता तोच राहतो आणि त्यामागचे घर बदलते. रात्री नवाला तो पत्ता सुभेदारांकडे होता. पहाटे कोणाकडे होता, ते कंपनीने आमच्या दुरुस्तीच्या पत्रानंतर पाहिले. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीकडे. चोरांवर नजर ठेवण्यासाठी वखारवाल्याने कॅमेरा बसविला होता, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता, आणि तो कॅमेराच रात्रभर जगाच्या दारांवर थापा मारीत होता. अशाच कॅमेऱ्यांची आणि राउटरांची फौज जमवून ‘मिराई’ नावाच्या उपद्रवाने २०१६ साली अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट अडविली होती. वखारवाल्याला यातले काही ठाऊक नव्हते. म्हणजे आम्ही ज्याला चोर म्हटले तोही चोर नव्हता, आणि ज्याला म्हणायला हवे होते तोही नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुभेदारांच्या घरी गेलो. आमची सौ. म्हणाली, चिठ्ठी पाठवा. पण बोभाटा गल्लीत झाला होता, तेव्हा चूकही गल्लीतच सांगणे भाग होते. शेजारी ओसरीवर उभे असताना आम्ही मोठ्याने म्हणालो की, चूक शाळेची, म्हणजे आमची, आहे. यांचा काही संबंध नाही. मुख्याध्यापकाच्या तोंडून असे वाक्य ऐकण्याची सवय कोणाला नसते, आम्हांलाही नव्हती. सुभेदारांनी चहा दिला. फार बोलले नाहीत.

‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश आम्ही त्यानंतर नीट वाचले. सहा तासांत घटना कळवावी आणि १८० दिवसांच्या नोंदी जपाव्यात, एवढेच त्यात आहे अशी आमची समजूत होती. यंत्रांची घड्याळे सरकारने नेमून दिलेल्या वेळेशी जुळवून ठेवावीत, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.

पत्रे आम्ही अजून धाडतो. थांबविली तर वखारवाल्याला कोण सांगणार? फक्त मजकूर बदलला आहे. पत्ता, पोर्ट क्रमांक, तारीख, भारतीय प्रमाणवेळ आणि नोंदवहीतल्या चार ओळी जशाच्या तशा. ‘इसम’ गेला, ‘चोर’ गेला. शेवटी एक वाक्य असते: आपल्या ग्राहकास याची कल्पना नसण्याचा संभव आहे, तरी त्यांस सौजन्याने कळवावे.

महिन्याभराने सुभेदार आपण होऊन शाळेत आले. ते हजेरीपत्रक कसले, ते पाहायचे होते. आता दर रविवारी दहाला येतात, चष्मा पुसतात आणि आमच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात. त्या नोंदींना ते गस्तीची वही म्हणतात. आम्ही पत्र लिहायला घेतले की मजकुराकडे त्यांचे लक्ष नसते, पहिल्या ओळीपाशीच बोट ठेवून विचारतात, “सर, वेळ आपलीच ना ही?”