कोपर्निकस मार्ग: एका रस्त्यावर पुस्तकांचा प्रवास

दिल्लीला जाणारा मराठी माणूस इंडिया गेट पाहतो, कुतुबमिनार पाहतो, चांदणी चौकात खरेदी करतो आणि परततो. या वेळी तुम्ही जाणार असाल तर अर्धा दिवस एका लहानशा रस्त्यासाठी राखून ठेवा. मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता जेमतेम किलोमीटरभराचा आहे. त्याचे नाव कोपर्निकस मार्ग.

मेट्रोच्या मंडी हाऊस स्थानकावर उतरा. इथे ब्लू आणि व्हायलेट अशा दोन्ही लाइन येतात, त्यामुळे शहराच्या कुठल्याही भागातून पोहोचणे सोपे आहे. बाहेर आलात की मोठा गोल चौक लागतो. एका बाजूला दूरदर्शन भवन, जवळच नाटक आणि नृत्याच्या कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध असलेले कमानी सभागृह आणि फिरोजशाह मार्गाच्या कोपऱ्यावर रवींद्र भवन. याच कोपर्निकस मार्गावर आपले जुने महाराष्ट्र सदनही आहे. दिल्लीत कामाला आलेल्या कित्येक मराठी माणसांना हा पत्ता तोंडपाठ असतो. पण रस्त्याला ज्याचे नाव दिले आहे, त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

रस्ता एका पुस्तकाचा

निकोलस कोपर्निकस हा पोलंडचा खगोलशास्त्रज्ञ. जन्म १४७३चा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे त्याने गणिताने मांडले. पण हे लिखाण त्याने वर्षानुवर्षे छापायला दिले नव्हते. शेवटी ऱ्हेटिकस नावाच्या तरुण गणितज्ञाने त्याचे मन वळवले आणि जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात योहानेस पेट्रेयस या मुद्रकाने १५४३ साली ते पुस्तक छापले. त्याच वर्षी कोपर्निकस वारला. छापील प्रत त्याच्या हातात पडली ती मृत्युशय्येवर, असे सांगतात.

लेखकाचे नाव आज दिल्लीच्या रस्त्यावर आहे. मुद्रकाचे नाव फक्त पुस्तकाच्या पहिल्या पानावर, तळाशी राहिले. पण पेट्रेयसने ते काम अंगावर घेतले नसते, तर कोपर्निकसची वही कुठल्याशा पेटीत पडून राहिली असती. पुस्तक लिहिले जाते एकाकडून आणि जगभर पोहोचते दुसऱ्याच कुणामुळे तरी. या रस्त्यावरून चालताना हे लक्षात ठेवा, कारण आपल्या घरातल्या एका पुस्तकाची गोष्टही अशीच आहे.

लंडनच्या दुकानात गीता

अठराव्या शतकात लंडनच्या स्ट्रँड या रस्त्यावर नूर्स नावाची पुस्तकांची पेढी होती. त्या काळी पुस्तक विकणारा आणि प्रकाशित करणारा बहुधा एकच असे. जॉन नूर्स हा इंग्लंडच्या राजाचा अधिकृत पुस्तकविक्रेता होता. त्याच्या दुकानात काय मिळे, ते पाहा. गणिताची पुस्तके. फ्रेंचसारख्या परभाषांतली पुस्तके आणि त्यांची भाषांतरे. व्होल्तेरची 'कांदीद' ही कादंबरी १७५९ साली इंग्रजीत आली, तेव्हा तिच्या एका भाषांतरावर नूर्सचेच नाव होते. समुद्रावर आपले जहाज नेमके कुठे आहे, हे सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांवरून काढायला खलाशांना जे पंचांग लागे, ते इंग्लंडमध्ये १७६७ सालापासून दरवर्षी निघू लागले. तेही या दुकानात विकायला असे. म्हणजे आकाशाचे गणित आणि परक्या भाषा, ही या पेढीची खासियत.

जॉन नूर्स १७८० साली वारला आणि पेढी चार्ल्स नूर्सकडे आली. १७८५ साली चार्ल्सने एक पुस्तक काढले. दीडशेच्या आसपास पाने, मोठा आकार आणि वर नाव: भगवद्गीता. संस्कृतातून थेट इंग्रजीत आलेली ही पहिली छापील गीता.

भाषांतर चार्ल्स विल्किन्सचे. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १७७० साली बंगालमध्ये आला होता. अक्षरांचे खिळे कापण्यात त्याचा हात बसलेला होता. १७७८ साली हुगळीला छापलेल्या बंगाली व्याकरणासाठी बंगाली अक्षरांचे खिळे त्याने तयार केले. त्या कामात पंचानन कर्मकार हा बंगाली कारागीर त्याच्या सोबत होता. पुढे विल्किन्सने काशीच्या पंडितांच्या मदतीने संस्कृत शिकून गीता इंग्रजीत आणली. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तिची शिफारस केली आणि ती कंपनीच्या आश्रयाने लंडनमध्ये छापली गेली.

कंपनीला यात काय मिळणार होते? हेस्टिंग्जचे उत्तर सरळ होते. ज्यांच्यावर राज्य करायचे, त्यांचे मन ओळखणे राज्याच्या फायद्याचे. पण पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या त्याच्या पत्रात आणखीही एक विचार आहे. भारतातली इंग्रजी सत्ता संपून कितीतरी काळ लोटला तरी हे ग्रंथ टिकून राहतील, असे त्याने लिहिले. लिहिणारा त्याच सत्तेचा सर्वोच्च अधिकारी होता.

एकदा दुकानात आलेले पुस्तक मालकाच्या हातात राहत नाही. १७८७ साली या इंग्रजी गीतेवरून फ्रेंच गीता निघाली, १७८८ साली मॉस्कोत रशियन. विल्यम ब्लेक या इंग्रज कवी-चित्रकाराने गीतेचे भाषांतर करणाऱ्या विल्किन्सवर एक चित्रही काढले. अमेरिकेत इमर्सन आणि थोरो यांनी गीता वाचली ती विल्किन्सच्याच भाषांतरातून. मंडी हाऊसच्या चौकात रशियन कवी पुश्किनचा पुतळा आहे. तो दिसला की मुलांना सांगा, याच्या जन्माच्या अकरा वर्षे आधीच गीता रशियनमध्ये छापून झाली होती.

आणि तेव्हा आपल्याकडे?

आता हिशेब मांडू या. ज्ञानेश्वरी सांगून झाली १२९० साली. एकनाथ महाराजांनी तिच्या अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला १५८४ साली. म्हणजे पुस्तकाचे संपादन कसे करायचे, हे आपल्याकडे ठाऊक होते. पोथ्या उतरवून घेणारे लेखक होते, ओव्या घरोघरी पाठ होत्या, कीर्तनात त्यांचा अर्थ उलगडला जात होता. गीतेचे ज्ञान मराठी माणसाला लंडनकडून घ्यायचे नव्हते.

पण हाताने लिहिलेली पोथी एका वेळी एकाच घरात राहते. तिची दुसरी प्रत करायला महिने लागतात. नूर्सच्या दुकानातल्या गीतेच्या सगळ्या प्रती एकसारख्या होत्या आणि एकदम बाहेर पडल्या. फरक इथे पडला.

पेशव्यांच्या पुण्यात हे कुणाच्या लक्षात आले नव्हते, असे नाही. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात होता आणि त्याच्यासोबत इंग्रज चित्रकारही आले होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची कला त्यांच्यामुळे पुण्यात पोहोचली. नाना फडणविसांनी या कामात रस घेतला आणि एका तांबट कारागिराने गीता कोरायला घेतली, अशी हकीकत आहे. १८०० साली नाना गेले. मग मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी आश्रय दिला आणि १८०५ साली मिरजेत गीता छापून झाली. लंडनच्या गीतेनंतर बरोबर वीस वर्षांनी.

हे काम किती किचकट होते, याची कल्पना करा. तांब्याच्या पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटे कोरायचे, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटते. एक काना चुकला तरी पत्रा दुरुस्त करत बसायचे. आणि गीता छापून झाली की ते पत्रे दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला उपयोगाचे नाहीत. सुट्या खिळ्यांचे तसे नसते. एक पान छापले की खिळे मोडून त्यांतूनच दुसरे पान जुळवता येते. त्याच १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरीने मराठी भाषेचे व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापले. त्याला मदत करणारे पंडित वैजनाथ शर्मा मराठी जाणणारे होते. सेरामपूरच्या त्या छापखान्यात देवनागरी खिळे पाडण्याचे काम सुरू केले, ते विल्किन्सच्या सोबतीने काम केलेल्या पंचानन कर्मकार यांनीच.

मिरजेच्या गीतेमागे हौस होती, कसब होते आणि पैसाही होता. नव्हते ते दुकान. एका पुस्तकाच्या विक्रीतून दुसरे काढणारी, त्याची जाहिरात करणारी आणि गावोगाव माल पाठवणारी पेढी नव्हती. ज्ञानेश्वरी छापून यायला १८४५ साल उजाडावे लागले. तेव्हा मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ती शिळाछापावर काढली. इंग्रजी गीता बाजारात येऊन तोवर साठ वर्षे झाली होती.

याचा परिणाम काय होतो, तेही पाहा. १८८९ साली लंडनमध्ये शिकणाऱ्या मोहनदास गांधींनी गीता पहिल्यांदा वाचली ती एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी भाषांतरातून. तोवर ती संस्कृतातही वाचली नव्हती आणि गुजरातीतही नाही, याची त्यांना लाज वाटली होती. हा अर्नोल्ड तरुणपणी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा मुख्याध्यापक होता. आपली पुस्तके आपल्यापर्यंत कधी कधी अशी लांबच्या वळणाने येतात.

रस्त्याची दोन टोके

आता पुन्हा रस्त्यावर या. इंडिया गेटच्या टोकाला बडोदा हाऊस आहे. ल्युटेन्सने आखलेली ही देखणी वास्तू बडोद्याच्या गायकवाडांची. आज तिथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे, त्यामुळे ती बाहेरूनच पाहायची. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी पुस्तकांची ही उणीव ओळखली होती. १९१६ साली त्यांनी 'गायकवाड ओरिएंटल सिरीज' सुरू केली आणि हस्तलिखितांत अडकलेले संस्कृत ग्रंथ छापून बाहेर येऊ लागले. नुसते छापून भागत नाही, हेही त्यांना कळले होते. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि बडोदा संस्थानात गावोगाव ग्रंथालये उभी राहिली. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यांत फिरू लागली.

दुसऱ्या टोकाला रवींद्र भवन. हबीब रहमान यांनी आखलेली ही इमारत १९६१ साली उभी राहिली. इथे साहित्य अकादमी आहे. तिची सुरुवात १२ मार्च १९५४ रोजी झाली आणि पंडित नेहरू तिचे पहिले अध्यक्ष. मराठीतला तिचा पहिला पुरस्कार १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला मिळाला. अकादमीच्या कामात सुरुवातीपासून असलेले प्रभाकर माचवे ग्वाल्हेरचे. हिंदी आणि मराठी दोन्हींत लिहिणारे. केशवसुतांची ओळख मराठीबाहेरच्या वाचकांना करून देणारे छोटे इंग्रजी पुस्तक त्यांनीच लिहिले.

आज अकादमी चोवीस भाषांत पुस्तके काढते आणि एका भारतीय भाषेतले दुसरीत आणते. नूर्सच्या दुकानात फ्रेंच पुस्तक इंग्रजी होऊन मिळे. इथे कन्नड पुस्तक मराठी होऊन मिळते, मराठी पुस्तक हिंदी होऊन. मधे लंडनला वळसा घालावा लागत नाही.

तुम्ही गेलात तर

शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. सरकारी सुटीला कार्यालये आणि ग्रंथालय बंद असतात. आधी अकादमीच्या ग्रंथालयात डोकावा, मग पुस्तके विकत घ्यायला थांबा. सोबत मुले असतील तर त्यांना एक काम द्या. जी भाषा घरात कुणालाच येत नाही, तिच्यातून मराठीत आलेले एक पुस्तक त्यांनी निवडायचे. ओडिया असेल, मैथिली असेल, मणिपुरी असेल. संध्याकाळी कमानीत कार्यक्रम असेल तर तोही पाहून घ्या आणि मग पायी इंडिया गेटला जा.

पुस्तक उघडल्यावर लेखकाचे नाव आपण वाचतोच. जरा खाली नजर न्या. भाषांतरकाराचे नाव वाचा, प्रकाशकाचे वाचा, कुठल्या गावी छापले तेही वाचा. मिरजेच्या तांबटाचे नाव बहुतेकांना ठाऊक नाही. पण ज्यांची नावे पानावर छापलेली आहेत, ती तरी वाचायला काय हरकत आहे?