चौकटीच्या कडेला

ग्वाल्हेरीस लष्करातील आमच्या वाड्यात १९९१ साली झालेल्या भजनाची व्हिडिओ कॅसेट परवा आम्ही संगणकावर उतरवून घेतली. दूरदेशीच्या आप्तांना ती इंटरनेटवरून पाहता यावी, हा हेतू. पाहतो तो चित्राच्या तळाशी थरथरणारा, वेडावाकडा पट्टा! फीत वाचणारे एक हेड थांबून दुसरे सुरू होते, त्या सांध्याची ती खूण. जुना दूरदर्शनसंच चित्राच्या चारी कडा आपल्या चौकटीआड दडवीत असे. म्हणून ती कधी नजरेस आली नव्हती. संगणक मात्र ५७६च्या ५७६ रेषा उघड्या करतो.

"मामा, चारी बाजूंनी कापून टाकू," भाचा म्हणाला. कापून चित्र पुन्हा ताणावे, तर माणसे बेढब दिसू लागतात. आणि डाव्या कडेला, आजवर संचाने दडवलेला, तानपुऱ्यावरचा एक हात होता. आईचा. (दस्तऐवजाचा कोपरा फाडणे आम्हां वकिलांना तसेही जड जाते.)

तळच्या १२ रेषांवर तेवढी काळी पट्टी घातली. मूळ प्रत निराळी ठेवली. आईचा चेहरा मात्र चित्रात कोठेच नाही.